‘क्लेरिकल’ : पाद्र्याचे की कारकुनाचे?

प्रश्न : ‘क्लेरिकल’ हा शब्द कचेरीतील लेखनिकी चुकीसाठीही येतो आणि ख्रिस्ती धर्मगुरूंसंबंधीही. या दोन अर्थांचा मेळ कसा लागतो?

उत्तर : लॅटिन ‘क्लेरिकस’ म्हणजे धर्मसेवेत दाखल झालेला पुरुष. लॅटिनने हा शब्द ग्रीकमधून उचलला असून त्याच्या मुळाशी ‘क्लेरोस’, म्हणजे चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्सा, आहे. मध्ययुगीन पश्चिम युरोपात लिहिता-वाचता येणारे बहुतेक धर्मसेवकच असल्यामुळे हिशेब, पत्रे आणि दप्तर त्यांच्याच हाती राहिले, आणि पुढे लेखणी चालवणारा तो ‘क्लर्क’ ठरला, मग त्याने दीक्षा घेतलेली असो वा नसो. इंग्लंडमध्ये तर वाचता येणे हाच पाद्रीपणाचा पुरावा मानला जाई. आरोपीने बायबलमधील ५१व्या स्तोत्राचा आरंभ वाचून दाखवला, की अनेक गुन्ह्यांत त्याची फाशी टळे. म्हणून त्या ओळीला ‘नेक व्हर्स’, म्हणजे मान वाचवणारे कडवे, असे नाव पडले. (ती नुसती पाठ करूनही निभावता येई, हे चतुरांच्या ध्यानात आलेच होते.) ही सवलत १८२७ मध्ये रद्द झाली. आपला ‘कारकून’ मात्र फारसीतून आला. त्याचा अर्थ सरळ ‘काम करणारा’ असा आहे.