एकच बँड निवडायचा असेल, तर ‘शक्ती’

तुमचा प्रश्न असा आहे की आजवरच्या सगळ्या बँडपैकी एकच आवडता बँड निवडायचा झाला तर कोणता निवडाल आणि का. शिवाय दोन-चार नावे सांगून उत्तर टाळू नये, अशी विनंतीही तुम्ही केली आहे. माझे उत्तर ‘शक्ती’ हे आहे. नाव सांगायला मला क्षणभरही लागत नाही. ‘का’ हे मात्र नीट मांडावे लागते, म्हणून उत्तराचा बहुतेक भाग त्यासाठीच ठेवतो.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख करून देतो. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन, कर्नाटक पद्धतीचे व्हायोलिनवादक एल. शंकर, आपल्या माहीमचे झाकीर हुसेन आणि ‘विक्कू’ या नावाने ओळखले जाणारे घटमवादक (घटम म्हणजे वाजवायचा मातीचा घडा) टी. एच. विनायकराम यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर हा बँड उभा केला. पहिल्या अल्बममध्ये मृदंगमवर आर. राघवनही होते. १९७६ आणि १९७७ या दोन वर्षांत तीन अल्बम आले आणि १९७८ मध्ये तो मूळ संच थांबला. पुढे १९९७ मध्ये ‘रिमेम्बर शक्ती’ या नावाने काही जुने आणि काही नवे वादक पुन्हा एकत्र आले, आणि २०२३ मध्ये ‘शक्ती’ याच मूळ नावाने नवा अल्बम निघाला.

मी ठाण्यात लहानाचा मोठा झालो आणि तिथेच काही वर्षे तबला शिकलो, त्यामुळे कोणतेही संगीत मी तबल्याच्या बाजूनेच ऐकतो. आपल्या मैफिलीत मधोमध गायक किंवा सतारवादक बसतो, तबलजी बाजूला बसतो, आणि शिकवणीत पहिल्यापासून मनावर बिंबवले जाते की साथीदाराने मुख्य कलाकाराला उचलून धरायचे असते, त्याच्यावर कुरघोडी करायची नसते. ही शिस्त मोलाची आहे. ठाण्यात पंडित राम मराठे यांच्या स्मृतीसाठी होणाऱ्या समारोहात, विलंबित ख्यालाला संयमाने ठेका धरून बसलेला एखादा तबलजी ऐकला की त्याच्याविषयी मला आजही आदरच वाटतो. तरीही विद्यार्थिदशेपासून मनात एक इच्छा होती, की असे एखादे संगीत ऐकायला मिळावे ज्यात साथीला म्हणून कोणी बसलेले नसेल आणि तरीही प्रत्येक जण दुसऱ्याला साथ देत असेल. रॉक बँडमध्येही बहुधा गायक आणि गिटारवादक पुढे असतात आणि ड्रमवादक मागे असतो. ‘शक्ती’मध्ये ही उतरंड जवळजवळ नाहीशी झालेली आहे. सगळे मांडी घालून शेजारी शेजारी बसतात, आणि रचना अशा बांधलेल्या असतात की एका आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका फेरीत, गिटार पुढे असते, दुसऱ्यात घटम, तिसऱ्यात व्हायोलिन आणि तबला यांची आपापसांतली बोलाचाली. माझ्या निवडीचे मूळ कारण हेच आहे. बाकीची सगळी कारणे यातूनच निघतात.

हे घडून यायला मॅकलॉफ्लिन यांनी किती किंमत मोजली, हे लक्षात घेतले पाहिजे. ‘शक्ती’पूर्वी ते अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्याबरोबर वाजवत होते, आणि १९७१ मध्ये त्यांनी स्थापन केलेला ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ हा जॅझ-रॉकमधला अत्यंत वेगवान आणि कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाचा बँड म्हणून जगभर नावाजला गेला होता. त्या यशाच्या शिखरावरून त्यांनी इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवली, विजेशिवाय वाजणारी अकूस्टिक गिटार मांडीवर घेतली आणि ते भारतीय वादकांच्या ओळीत येऊन बसले. त्याआधी अमेरिकेतल्या वेस्लेयन विद्यापीठात ते डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकले होते, म्हणजे विद्यार्थी म्हणून त्यांनी या संगीताची बाराखडी गिरवलेली होती. एल. शंकरही त्या काळात त्याच विद्यापीठात होते.

त्यांच्या त्या गिटारीविषयी थोडे सांगितल्याशिवाय राहवत नाही. गिब्सन कंपनीसाठी काम करणारे कारागीर एब्राहम वेक्टर यांनी ती खास घडवली होती. नेहमीच्या सहा तारांखाली, ध्वनिछिद्रावरून तिरक्या जाणाऱ्या आणखी सात तारा तिला बसवल्या होत्या; सतारीच्या तरफांप्रमाणे त्या स्वतंत्रपणे जुळवता येत असत. शिवाय दांडीवरच्या पडद्यांमधले लाकूड खोलगट तासून काढले होते, त्यामुळे तार दाबून किंवा ओढून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) आणि गमक (स्वराला दिलेला जोरकस हेलकावा) काढणे शक्य झाले. साध्या गिटारीची दांडी पडद्यांच्या मध्ये सपाट असते आणि बोट लाकडाला टेकते. इथे ते अधांतरी राहते आणि स्वराला वळण देता येते. रागात दोन स्वरांइतकाच त्यांच्यामधला प्रवास महत्त्वाचा असतो, हे ज्याला कळले आहे तोच आपल्या वाद्यात असा बदल करून घेईल. बीटल्सच्या १९६५ च्या अल्बममध्ये सतार आली, तेव्हा तिने एका इंग्रजी गाण्याला नवा रंग दिला. तो प्रयोग मला प्रिय आहे, परंतु गाण्याचा सांगाडा त्यात बदलला नव्हता. ‘शक्ती’ने सांगाड्यालाच हात घातला.

आता तालाकडे येतो, कारण या बँडचे खरे वैभव तिथे आहे. हिंदुस्थानी पद्धतीत तबला ठेक्यातून ताल सांगत राहतो: त्रितालाच्या सोळा मात्रा, खाली आणि भरी, हे सगळे तबलजीच्या हातात ऐकू येते आणि गायक त्यावर विसंबून लांबची फिरत घेतो. कर्नाटक पद्धतीत ताल हाताने, म्हणजे टाळी, बोटे आणि हाताच्या पालथ्या हालचालींनी मोजला जातो, आणि मृदंगमवादकाला ठेका वाजवत बसण्याचे बंधन नसते. तो रचनेच्या ओळींच्या वळणांबरोबर वाजवतो. तिकडे गती बदलण्याचे शास्त्रही फार विकसित आहे. एकाच मात्रेचे तीन, चार, पाच, सात किंवा नऊ भाग पाडून त्याच तालात वेगळीच चाल निर्माण केली जाते. हे दोन विचार एका मंचावर आणले तर गोंधळ होण्याचीच शक्यता जास्त, आणि त्या काळात उत्तरेचे व दक्षिणेचे वादक असे नियमितपणे एकत्र वाजवतही नव्हते. झाकीर हुसेन आणि विनायकराम यांनी काय केले, ते कान देऊन ऐकण्यासारखे आहे. एक जण ताल सांगत असतो तेव्हा दुसरा गती मोडतो. थोड्या वेळाने भूमिका उलटतात. आणि तिहाई (तीनदा वाजवून संपवायचा तुकडा) जवळ आली की दोघेही वेगवेगळ्या हिशेबाने निघून एकाच समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, उतरतात. झाकीर हुसेन दक्षिणेची गणिते तबल्याच्या बोलांत मांडतात आणि विनायकराम मातीच्या घड्यातून असा घुमारा काढतात की डग्ग्याने मान डोलवावी. दुसऱ्या अल्बमची पहिलीच रचना तर तोंडी बोलांनी सुरू होते. दक्षिणेत या पठणाला कोन्नक्कोल म्हणतात आणि आपल्याकडे तबला शिकणारा प्रत्येक मुलगा ‘धा धिं धिं धा’ म्हणतच सुरुवात करतो, म्हणून ती सुरुवात ऐकताना एखादा लांबचा नातेवाईक अचानक दारात उभा राहावा तसे मला वाटते.

हा हिशेब कोरडा मात्र नाही. पहिला अल्बम ५ जुलै १९७५ रोजी अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या साउथॅम्प्टन कॉलेजमध्ये श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झाला. त्यातली पहिली, सुमारे अठरा मिनिटांची रचना ऐकली तर वेग आणि आनंद एकत्र कसे नांदतात ते समजते. गिटार आणि व्हायोलिन इतक्या वेगाने एकच ओळ वाजवतात की दोन वाद्ये आहेत याचा विसर पडावा, आणि त्या वेगातही प्रत्येक स्वर स्वच्छ राहतो. तबकडीची दुसरी संपूर्ण बाजू एकाच रचनेने व्यापलेली आहे. ती जवळजवळ अर्ध्या तासाची आहे. ठाण्याहून वाशीला जायला ट्रान्स-हार्बर लोकललाही साधारण तेवढाच वेळ लागतो, आणि कामासाठी त्या मार्गाने जाताना मी ती रचना अनेकदा पूर्ण ऐकली आहे. ऐरोली-रबाळेपर्यंत आलाप आणि हळूहळू चढणारी लय, कोपरखैरणेनंतर तालवाद्यांची सलामी, असा तिचा नकाशा माझ्या डोक्यात बसून गेला आहे. गर्दीच्या डब्यातही ती मला आत ओढून घेते, आणि पुन्हा पुन्हा ऐकूनही तिच्यात नवा तपशील सापडतो. ज्या संगीताला इतकी आवर्तने सोसता येतात, त्याच्यावर माझा सर्वात जास्त विश्वास आहे.

माझे मित्र यावर एक आक्षेप घेतात: वादक बदलले, मध्ये जवळजवळ वीस वर्षांचा खंड पडला, मग याला एकच बँड कसे म्हणायचे? मला वाटते, इथे घराण्याचा विचार लावावा. विनायकराम यांच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वागणेश आला आणि त्याने खंजिरा हे डफासारखे छोटे वाद्य हाती घेतले. एका हाताने कातडे दाबून दुसऱ्या हाताने वाजवताना तो त्यातून जो खर्ज काढतो, तो ऐकला की घरातली विद्या म्हणजे काय ते कळते. एल. शंकर यांच्या जागी यू. श्रीनिवास आले, ज्यांनी इलेक्ट्रिक मँडोलिनसारखे परके वाद्य लहान वयातच कर्नाटक संगीतात प्रस्थापित केले होते. मॅकलॉफ्लिन यांनी गिटार भारतीय केली आणि श्रीनिवास यांनी मँडोलिन. दोघे समोरासमोर आले तेव्हा प्रश्नोत्तरांना वेगळीच धार चढली. १९ सप्टेंबर २०१४ रोजी श्रीनिवास अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. ते दुःख माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

आणि शंकर महादेवन. नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला त्यांचा उल्लेख करताना थोडा अभिमान वाटला तर तो समजून घ्यावा. ते चेंबूरला वाढले, त्यांनी संगणक अभियांत्रिकीची पदवी नवी मुंबईतल्या रामराव आदिक इन्स्टिट्यूटमधून घेतली, आणि कर्नाटक संगीताच्या शिक्षणाबरोबरच त्यांना आपल्या श्रीनिवास खळे यांचे मार्गदर्शन लाभले. ‘शक्ती’त कंठसंगीत आले ते त्यांच्यामुळे. डिसेंबर २००० मध्ये मुंबईत झालेल्या मैफिलींचे जे ध्वनिमुद्रण २००१ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात पंडित शिवकुमार शर्मा, पखवाजावर भवानी शंकर, तौफिक कुरेशी, शिवमणी अशी मंडळी पाहुणे म्हणून सामील आहेत. गायक आला की बाकीचे मागे सरतात, ही आपली जुनी सवय. इथे तसे होत नाही. शंकर महादेवन सरगम घेतात तेव्हा ते पाचवे वाद्य होऊन ओळीत बसतात, आणि एका लोकप्रिय गायकाने असा संयम पाळावा याचे मला फार मोल वाटते.

आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले येऊन गेले, त्यामुळे इथली तरुण मंडळी आवडत्या बँडच्या प्रश्नाला साहजिकच ती नावे सांगतात. हजारो माणसांनी एका वेळी एकच ओळ गाणे ही मोठीच गोष्ट आहे आणि तो आनंद मी कमी लेखत नाही. मात्र माझ्या मनातला बँड गर्दीला एक करण्याआधी मंचावरच्या चार-पाच वेगळ्या माणसांना एक करतो, आणि तेही कोणाचे वेगळेपण पुसून न टाकता. त्या कसोटीवर ‘शक्ती’च्या जवळ येणारा दुसरा बँड मी ऐकलेला नाही.

२०२३ चा अल्बम हा पंचेचाळीसहून अधिक वर्षांनंतरचा त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम होता. त्यात व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आहेत आणि एक रचना श्रीनिवास यांच्या आठवणीसाठी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला सर्वोत्तम ग्लोबल म्युझिक अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये झाकीर हुसेन यांचे निधन झाले. पहिल्या अल्बमपासून या अल्बमपर्यंत प्रत्येक संचात मॅकलॉफ्लिन यांच्याबरोबर तेच होते, त्यामुळे माझ्या दृष्टीने ‘शक्ती’चे काम तिथे पूर्ण झाले आहे, आणि जे झाले आहे ते एका जन्माला पुरेल इतके आहे.

तुम्हाला ऐकून पाहायचे असेल तर एकदम अर्ध्या तासाच्या रचनेपासून सुरुवात करू नका. पहिल्या अल्बममध्ये ‘लोटस फीट’ नावाची पाचएक मिनिटांची संथ रचना आहे. ती आधी ऐका, कारण तिच्यातली धून सोपी आहे आणि प्रत्येक वाद्याचा स्वभाव तिच्यात वेगवेगळा ओळखता येतो. त्यानंतर मुंबईतल्या मैफिलींचे ध्वनिमुद्रण घ्या, कारण संतूर, पखवाज आणि गायन हे आपल्या कानांना सवयीचे असल्यामुळे तिथे तुम्हाला परके वाटणार नाही. मग पहिल्या अल्बमकडे परत येऊन पूर्ण अल्बम सलग ऐका, आणि जमल्यास हाताने ताल धरून ऐका. हिशेब चुकला तरी सम आली की तुम्हाला ती आपोआप कळेल. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, त्यात घटमचा खर्ज हरवतो. कानाला लावायचे साधे हेडफोन पुरेसे आहेत.