ऑइल गुलाबी दिसतंय म्हणजे ठीक आहे का?

प्रश्न: नमस्कार दादा, मी साताऱ्याचा. सात महिन्यांपूर्वी पुण्यातून एक सेकंड हँड डिझेल फोर बाय फोर घेतली, २०१२ चं मॉडेल, पाच गिअरची ऑटोमॅटिक, मीटरवर १ लाख ४२ हजार. पावसाळ्यात बामणोलीकडे गेलो होतो, एका ओढ्यात बंपरला पाणी लागलं पण गाडी आरामात निघाली. त्यानंतर महिनाभरानं त्रास सुरू झाला. सकाळी थंड असताना गाडी नीट निघते, पण यवतेश्वरच्या घाटाला लागली की इंजिन नुसतं ओरडतं, आरपीएम ३००० च्या वर आणि गाडी मात्र जागच्या जागी रांगते. आता तर गरम झाल्यावर डी टाकून चार-पाच सेकंद वाट बघावी लागते, रिव्हर्सलाही तेच. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, पी ०७३० कोड आला, तर म्हणाला गिअरबॉक्स गेला, रिकंडिशन बसवू, १ लाख ८० हजार होतील. मी स्वतः गिअरबॉक्सची डिपस्टिक काढून बघितली, लेव्हल भरपूर आहे, उलट थोडी जास्तच, आणि रंगही छान गुलाबी, दुधासारखा. बाकी गाडीत काही प्रॉब्लेम नाही, कूलंट तेवढं दर पंधरा दिवसांनी थोडं घालावं लागतं. काय करू?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना वाईट वाटलं, कारण ज्या गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्यात त्यातच उत्तर आहे. लेव्हल जास्त, रंग दुधाळ गुलाबी, आणि कूलंट कमी होतंय. चांगलं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, सहसा लालभडक आणि आरपार दिसणारं असतं, डाळिंबाच्या रसासारखं. जुनं झालं की तपकिरी होतं, जळलं की काळपट होतं आणि करपल्याचा वास येतो. पण दुधाळ गुलाबी कधीच होत नाही, त्यात पाणी मिसळल्याशिवाय. तुमच्या गिअरबॉक्समध्ये पाणी गेलंय, आणि कूलंट ज्या हिशोबानं कमी होतंय त्यावरून ते रेडिएटरमधूनच जातंय असं मला जवळजवळ खात्रीनं वाटतं.

कसं ते सांगतो. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल दोन पाइपांनी पुढे येतं, रेडिएटरच्या टाकीत एक छोटा कूलर बसवलेला असतो त्यातून फिरतं आणि थंड होऊन परत जातं. बाहेर कूलंट, आत ऑइल, मध्ये पातळ धातूची भिंत. दहा-बारा वर्षांनी, विशेषतः आधीच्या मालकानं कूलंटऐवजी साधं नळाचं पाणी घातलं असेल तर, ती भिंत आतून सडते. मग गाडी चालू असताना ऑइलचं प्रेशर जास्त असलं तर ऑइल कूलंटमध्ये जातं, आणि गाडी बंद केली की ऑइलचं प्रेशर शून्य होतं पण गरम कूलंटचं प्रेशर अजून टिकून असतं, तेव्हा कूलंट उलटं गिअरबॉक्सकडे सरकतं. रोज थोडं थोडं.

ओढ्याचा संशय मलाही आधी आला. तापलेला गिअरबॉक्स एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरची, म्हणजे गिअरबॉक्सला हवा घ्यायला-सोडायला असलेली नळी निघालेली किंवा आखूड असेल तर तो तिथून पाणी ओढून घेतो. पण मग कूलंट कमी व्हायचं काही कारण नाही. तरी ब्रीदरची नळी जागेवर आहे का ते बघून घ्याच.

खात्री घरी करता येते. गाडी पूर्ण थंड असताना (गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका) रेडिएटरचं झाकण काढा आणि आत बोट फिरवून बघा, चिकट तेलकट साय लागली तर विषय संपला. दुसरं, डिपस्टिकवरचा एकच थेंब घराबाहेर मोकळ्या जागेत, गॅस बंद करून खाली उतरवलेल्या तापलेल्या जुन्या तव्यावर टाका. तडतडला तर पाणी आहे. मग रेडिएटरवाल्याकडून कूलरच्या दोन पाइपांपैकी एक बंद करून दुसऱ्यातून हलकी हवा सोडून घ्या, रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवून. बुडबुडे कुठून येतात ते तुम्ही स्वतः उभं राहून बघा.

आता पी ०७३० बद्दल. हा कोड एवढंच सांगतो की गिअरबॉक्सचा आत जाणारा शाफ्ट आणि बाहेर येणारा शाफ्ट यांच्या फेऱ्यांचा हिशोब लागत नाहीये, म्हणजे आत कुठेतरी घसरतंय. का घसरतंय ते तो सांगत नाही. तेच शोधायचं काम मेकॅनिकचं, आणि ऑइल न बघता थेट १ लाख ८० हजारांचा आकडा सांगणं मला अजिबात पटलेलं नाही. समजा तुम्ही तो रिकंडिशन गिअरबॉक्स बसवला आणि रेडिएटर तोच ठेवला, तर काही महिन्यांत नवा गिअरबॉक्सही ह्याच दुखण्यानं जाईल. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती, मालकानं दोन गिअरबॉक्स बदलले होते आणि रेडिएटर मूळचाच, आम्ही चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाची ऑइलची ट्रे, काढला तेव्हा खाली भांड्यात अक्षरशः स्ट्रॉबेरी मिल्कशेक पडत होतं, मालक नुसता बघत उभा राहिला.

नुसता रेडिएटर आणि ऑइल बदलून भागेल का हे तुम्ही विचारणारच. लगेच लक्षात आलं असतं तर दोन-तीनदा फ्लश करून, म्हणजे नव्या ऑइलनं आतून धुऊन, गिअरबॉक्स वाचला असता कदाचित. पण कूलंटमधलं ग्लायकॉल हे रसायन गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटवरचं कागदासारखं लायनिंग ज्या गोंदानं चिकटवलेलं असतं तो गोंदच सोडवतं, आणि तुमची गाडी कित्येक आठवडे घसरत चालली आहे, त्यामुळे प्लेटा गेल्या असणार असं धरून चला. चेंबर तुमच्यासमोर उघडायला सांगा. मॅग्नेटवर बारीक राखाडी पीठ असतंच, त्याला घाबरू नका, पण काळे पापुद्रे म्हणजे लायनिंग सुटलंय आणि पितळेचे चकचकीत कण म्हणजे बुश (शाफ्ट ज्यात फिरतात त्या कड्या) खाल्ले गेलेत. ओव्हरहॉल केला तर सगळ्या प्लेटा, सगळे सील, कूलरचे पाइप धुऊन, आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा डबा) बदलून किंवा कापून साफ करून. तो तसाच ठेवला तर खराब ऑइलचा मोठा भाग त्यातच राहतो, कारण खालचा बोल्ट उघडला तरी सगळं ऑइल निघत नाही, निम्म्याच्या आसपास निघतं. आणि मी असतो तर गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरपासून वेगळा करून पुढे हवेवर चालणारा बसवला असता.

तोवर गाडी एक किलोमीटरही चालवू नका. कुणी स्टॉल टेस्ट करू म्हणालं, म्हणजे ब्रेक दाबून डी मध्ये अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा, तर नको म्हणा, घसरणाऱ्या क्लचला ते सोसणार नाही. गॅरेजला न्यायची तर चारही चाकं वर घेणाऱ्या फ्लॅटबेडवरून, मागून-पुढून उचलून ओढत नाही.

प्रश्न: दादा, माझी जुनी फोर बाय फोर ऑटोमॅटिक चिखलातून काढल्यावर डी आणि आर दोन्हीत हलत नाही, पी टाकला तरी उतारावर घरंगळते. गिअरबॉक्स तुटला का? (नाशिक)

उत्तर: पी टाकून घरंगळते हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. पार्किंगचं कुलूप गिअरबॉक्सच्या शेवटच्या शाफ्टला असतं. ते लागूनही गाडी सरकते म्हणजे गिअरबॉक्स आणि चाकं यांच्यातला दुवाच सुटलाय, आणि पहिला संशय ट्रान्सफर केसवर, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीवर. चिखलातून काढताना फोर लो (चारही चाकं, हळू पण जास्त ताकद) मधून बाहेर येताना ती मधेच न्यूट्रलला अडकते, किंवा बटणावर चालणारी असेल तर तिच्या मोटरमध्ये पाणी जातं. चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू, सिलेक्टर एन ला (न्यूट्रलला), ब्रेक दाबून फोर लो आणि परत टू हाय (दोनच चाकं, नेहमीचा वेग) एकदा नीट करून बघा. बसली तर गाडी लगेच चालेल. नाही बसली तर गाडी बंद करून खाली वाकून बघा, मागचा प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) आणि त्याचे क्रॉस (टोकाचे सांधे) जागेवर आहेत का. हे दोन्ही बघितल्याशिवाय कुणालाही गिअरबॉक्स खाली उतरवू देऊ नका.