घरपट्टी, मतपत्रिका आणि आडवी बाटली : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा सॅन होजेला स्थायिक झाला आणि आता तिथला नागरिकही आहे. निवडणुकीआधी त्याच्या घरी एक जाड पुस्तिका येते. अमुक कर लावावा का, तमुक कर्ज काढावं का, यावरही तो उमेदवारांबरोबर मत देतो. आमच्याकडे घरपट्टीबद्दल असं मत का घेत नाहीत? – एक वाचक, नेरूळ

आपल्याकडे कायद्यात तशी सोयच नाही. महापालिकेने कोणते कर लावायचे हे विधिमंडळाचा कायदा ठरवतो आणि त्या चौकटीत दर महापालिका ठरवते. मधे मतदाराला कुठेही थेट विचारलं जात नाही.

मुलाचं सॅन होजे अमेरिकेतल्या ज्या राज्यात आहे, त्या कॅलिफोर्नियात ही सोय १९११ पासून आहे. कुणालाही प्रस्तावाचा मसुदा लिहून, २,००० डॉलर अनामत भरून, तो राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे (मुख्य सरकारी वकिलाकडे) देता येतो. मथळा आणि सारांश त्या कार्यालयाने लिहायचा, प्रस्ताव मांडणाऱ्याने नाही. मग १८० दिवसांत सह्या गोळा करायच्या : साध्या कायद्यासाठी आधीच्या गव्हर्नर-निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के, कॅलिफोर्निया राज्याची घटना बदलायची तर ८ टक्के. २०२४ साली हे आकडे ५,४६,६५१ आणि ८,७४,६४१ होते. इतक्या सह्या घरोघरी फिरून जमत नाहीत, त्यामुळे पैसे देऊन सह्या गोळा करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. 'लोकांचा प्रस्ताव' मतपत्रिकेपर्यंत पोचवायलाही मोठी तिजोरी लागते, हे विसरू नये.

मत दिल्यावर काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण जून १९७८ मधलं प्रपोझिशन १३, म्हणजे प्रस्ताव क्रमांक १३. महागाईने घरांच्या किमती आणि त्याबरोबर कर भडकले होते. लोकांनी घटनेतच लिहून टाकलं : मालमत्ता कर मूल्यांकनाच्या १ टक्क्यापर्यंतच, आणि घर विकलं जाईपर्यंत मूल्यांकनात वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढ. मालमत्ता कराचं उत्पन्न निम्म्याहून जास्त घटलं. दूरचा परिणाम गणितात दिसतो. १९९० साली ३ लाख डॉलरला घेतलेल्या घराचं मूल्यांकन २ टक्क्यांनी वाढत २०२५ साली जेमतेम ६ लाखांवर येतं, म्हणजे कर ६,००० डॉलर. शेजारचं तसंच घर कुणी आज १५ लाखांना घेतलं तर त्याला १५,००० डॉलर. रस्ता तोच, शाळा तीच. मुलाने घर अलीकडे घेतलं असेल तर त्याला हे चांगलंच ठाऊक असेल. व्यापारी जागांना बाजारभावाने कर लावायचा प्रस्ताव २०२० मध्ये आला, तोही थोड्या फरकाने पडला. एकदा मिळालेली सवलत मतदार सहसा सोडत नाहीत.

याचा अर्थ लोक करवाढीला कायम नाहीच म्हणतात असा नाही. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२२ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर ४ टक्के जादा कर मंजूर केला. कोलोरॅडोत तर १९९२ पासून नवा कर लावायचा किंवा दर वाढवायचा तर मतदारांची परवानगी घ्यावीच लागते.

आमचं स्पष्ट मत असं, की मतपत्रिकेपेक्षा मुलाच्या घरी येणारी ती पुस्तिका मागण्यासारखी आहे. तीत प्रस्तावाचा पूर्ण मजकूर असतो, सरकारी तिजोरीवर किती भार पडेल याचा विधिमंडळाच्या तटस्थ विश्लेषकाने सोप्या भाषेत दिलेला अंदाज असतो आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद शेजारी शेजारी छापलेले असतात. आपल्याकडे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ९९ प्रमाणे पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत महापालिकेने ठरवायचे असतात, स्थायी समितीच्या प्रस्तावावर विचार करून. तो प्रस्ताव सामान्य माणसाच्या हाती वेळेत पडत नाही, खरी अडचण इथे आहे. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते, सभागृहाचे निर्णय प्रशासक घेत होते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर पुन्हा जाब विचारायला माणसं आहेत. तेव्हा सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्यायचं ते डिसेंबर-जानेवारीत, प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना आणि स्थायी समितीच्या सभापतींना, आणि पोच घेऊन. मार्चमध्ये दिलेलं पत्र त्या वर्षाच्या दराला काहीच करू शकत नाही.

प्रश्न : आमच्या इमारतीत सारख्याच आकाराच्या दोन फ्लॅटना वेगवेगळी घरपट्टी येते. माझी जास्त आहे. तक्रार केली तर 'आधी भरा, मग बघू' असं सांगतात. – घोडबंदर रोड, ठाणे

आधी भरा हे बरोबरच सांगितलं, पण 'मग बघू' आपोआप होत नाही.

बिल हातात घेऊन दोन गोष्टी पाहा : वापर आणि करयोग्य मूल्य. वर्षाला या जागेचं वाजवी भाडं किती येईल ते धरतात, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात, उरतं ते करयोग्य मूल्य. त्यावर सामान्य कर, पाणी, मलप्रवाह, अग्निशमन, वृक्ष असे वेगवेगळे टक्के लागतात. फरक जवळजवळ नेहमी भाडं धरताना घेतलेल्या क्षेत्रफळात असतो. निव्वळ गणितासाठी समजा, चटईक्षेत्र (कार्पेट एरिया) ६०० चौ. फूट, धरलेलं वार्षिक भाडं चौ. फुटाला ४० रुपये आणि सगळे कर मिळून ६० टक्के. भाडं २४,०००, करयोग्य मूल्य २१,६००, कर १२,९६० रुपये. बिल्डरने विक्रीचं क्षेत्रफळ ७२० दिलं आणि नोंदीत तेच चढलं, तर तोच फ्लॅट १५,५५२ रुपयांवर जातो. दरवर्षी २,५९२ रुपये निव्वळ एका चुकीच्या नोंदीचे. दुसरी नेहमीची चूक वापराची : पूर्वीच्या मालकाने घरात क्लिनिक किंवा क्लास चालवला, 'अनिवासी' नोंद झाली आणि ती तशीच राहिली. रोजगार हमी उपकर फक्त अनिवासी जागांना लागतो. तो निवासी फ्लॅटच्या बिलात दिसला तर वापराची नोंद चुकली आहे, असं समजा.

करायचं ते असं. प्रभाग समितीच्या कर विभागातून आपल्या मालमत्तेचा कर आकारणी उतारा घ्या, त्यावर क्षेत्रफळ आणि वापर लिहिलेला असतो. शेजाऱ्याचाही त्याच्याकडून मागून घ्या, दोन्ही समोर ठेवले की फरक कशात आहे ते लगेच कळतं. मग नोंदणीकृत करारनामा, मंजूर नकाशाची प्रत आणि भोगवटा प्रमाणपत्र जोडून लेखी अर्ज द्या. अर्जात 'बिल जास्त आहे' असं लिहू नका. 'उताऱ्यावर ७२० चौ. फूट आहे, करारनाम्याच्या अमुक पानावर ६०० आहे, स्थळपाहणी करून दुरुस्ती करावी' असं लिहा. पहिल्या प्रकारचे अर्ज फायलीत पडून राहतात, कारण कारकुनाला त्यावर नेमकं काय करायचं ते कळत नाही. पाहणीला कर्मचारी आल्यावर मोजमापाच्या वेळी घरात हजर राहा. बंद केलेली बाल्कनी मोजली जाते.

नवी आकारणी किंवा वाढीव मूल्याची नोटीस आली असेल तर हरकतीची मुदत नोटिशीवरच छापलेली असते. ती चुकली तर पुढचं सगळं अवघड होतं. हरकतीवर सुनावणी होऊन निर्णय विरुद्ध गेला, तर १९४९ च्या त्याच अधिनियमाच्या कलम ४०६ खाली दिवाणी न्यायालयात १५ दिवसांच्या आत अपील करता येतं. मात्र वादातली रक्कम आधी महापालिकेकडे भरलेली असली पाहिजे आणि आधी आयुक्तांकडे तक्रार केलेली असली पाहिजे. यातली एखादी अट राहून गेल्याने अपिलं फेटाळली जातात, मूळ मुद्दा ऐकलाही जात नाही.

म्हणून कर भरत राहायचा. वर्षाचे दोन हप्ते, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. कुठल्याही बँकेच्या गृहकर्जापेक्षा महाग. भरताना 'हरकत कायम ठेवून भरणा' असं पत्र जोडा आणि पोच जपा. अभय योजनेची वाट पाहत थकवू नका : ती शास्ती कमी करते, मूळ कर नाही, आणि कधी येईल याची खात्री नसते.

प्रश्न : दिवा (ठाणे) इथल्या आमच्या चाळीच्या बिलात अनधिकृत बांधकामाची शास्ती लागते. ती नियमित भरली तर बांधकाम अधिकृत होतं का?

नाही. १९४९ च्या अधिनियमाच्या कलम २६७-अ प्रमाणे ही शास्ती बांधकाम अनधिकृत असेपर्यंत दरवर्षी लागते आणि ती भरल्याने कुठलाही हक्क निर्माण होत नाही. घरपट्टीची पावती म्हणजे घराची कागदपत्रं, असं सांगून दिव्यात आणि मुंब्र्यात आजही खोल्या विकल्या जातात, ते धादांत खोटं आहे. लहान निवासी घरांना या शास्तीत सवलत आहे, तेव्हा उताऱ्यावरचं क्षेत्रफळ तपासून घ्या.

प्रश्न : मुंबईत ५०० फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी माफ, मग आमची का नाही? – कोपरी

ती माफी १ जानेवारी २०२२ पासून आहे आणि मुंबईच्या स्वतंत्र, १८८८ च्या कायद्यातून दिलेली आहे. ठाणे आणि नवी मुंबई १९४९ च्या कायद्याखाली येतात, म्हणून ती आपोआप लागू होत नाही. 'माफी मिळाली' असं व्हॉट्सअॅपवर वाचून बिल भरायचं थांबवू नका. शिवाय शिक्षण उपकर राज्य सरकारचा असतो. महापालिका तो फक्त गोळा करते, तिला तो सोडता येत नाही.

प्रश्न : जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला. मग महापालिका चालते कशावर? – ऐरोली

घरपट्टी, पाणीपट्टी, विकास शुल्क आणि राज्याकडून दरमहा मिळणारी जीएसटी भरपाई. ही भरपाई २०१६-१७ चं उत्पन्न पायाभूत धरून दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीने देण्याची तरतूद २०१७ च्या राज्य कायद्यात आहे. पूर्वी शहरात माल वाढला की उत्पन्न वाढायचं, आता मोठा हिस्सा मंत्रालयातून येतो. महापालिकेच्या हातात राहिलेला मोठा कर घरपट्टीच, म्हणून दरवाढीची चर्चा दर फेब्रुवारीत तिथेच येऊन थांबते.

प्रश्न : आमच्या सेक्टरमध्ये शाळेच्या वाटेवर बिअर शॉपी आहे. गावाकडे 'उभी बाटली, आडवी बाटली' मतदान होतं, तसं शहरात करता येतं का? – कोपरखैरणे

येतं. वरच्या नेरूळच्या वाचकांसाठीही हे महत्त्वाचं : महाराष्ट्रात मतदाराला एखाद्या प्रश्नावर थेट कौल देता येतो, अशी ही जवळजवळ एकमेव जागा. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाची चौकट अशी : प्रभागातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्या पडताळतो, मग गुप्त मतदान होतं आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली तर परवाना बंद होतो.

मोहिमा पडतात त्या 'एकूण' या शब्दावर. यादीत ८,००० महिला असतील तर २,००० सह्या लागतील आणि ४,००१ मतं. मतदान ४५ टक्के झालं तर ३,६०० मतं, सगळी आडवीला पडली तरी दुकान चालूच. त्यातून शहरातली यादी फुगलेली असते : घर बदललेल्या, लग्न होऊन गेलेल्या, वारलेल्या बायकांची नावं तशीच. शेजारी भाड्याने राहणाऱ्या बायकांची नावं मात्र गावच्या यादीत.

त्यामुळे सह्यांना हात घालण्याआधी उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयाकडून दोन गोष्टी लेखी घ्या : आज लागू असलेल्या नियमांची प्रत, कारण शहरी भागाच्या अटींत फेरबदल होत असतात, आणि नेमकी कोणत्या हद्दीची मतदार यादी धरणार. चार सदस्यांचा पूर्ण प्रभाग धरला तर काम कितीतरी पटीने मोठं होतं. मग यादी घेऊन इमारतीनिहाय फिरा, मयत आणि स्थलांतरितांची नावं कमी करण्याचे अर्ज आधी द्या आणि नव्या रहिवाशांची नावं नोंदवा. सहीसमोर यादीतला अनुक्रमांक आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक लिहून घ्या. सही न जुळल्याने बऱ्याच बाद होतात, म्हणून २५ ऐवजी ३५ टक्क्यांपर्यंत जमवा.

नवं दुकान येऊ घातलं असेल तर वाट वेगळी. सोसायटीतल्या गाळ्यात नवी बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान सुरू करायला सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल, असं सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केलं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत 'असं प्रमाणपत्र देऊ नये' असा ठराव आताच करून घ्या, इतिवृत्तात नोंदवा आणि त्याची प्रत उत्पादन शुल्क कार्यालयात देऊन पोच घ्या.