तारण, मोक्ष आणि नवा जन्म

वेंगुर्ल्याच्या एका वाचकांकडे शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाची कार्यक्रमपत्रिका मुद्रितं तपासायला आली. तिच्यात ‘तारण’ आणि ‘नवा जन्म’ हे शब्द पुन्हा पुन्हा होते. ते विचारतात, तारण म्हणजे तर गहाण, सोनेतारण कर्जातलं. मग इथे सरळ ‘मोक्ष’ का लिहू नये? आणि ख्रिस्ती लोक पुनर्जन्म मानत नाहीत, तर हा ‘नवा जन्म’ कसला? शब्द बदलण्याआधी विचारलंत हे फार चांगलं केलंत, कारण या दोन्ही दुरुस्त्यांनी पत्रिकेचा अर्थ उलटा झाला असता.

तारण हा मुळात पाण्यावरचा शब्द. संस्कृत ‘तृ’ धातूचा अर्थ तरणं, पार जाणं. खाडी ओलांडणारी होडी ती तर, गलबत ते तारू, आणि बुडणाऱ्याला पैलतीरी नेणारा तो तारक, तारणारा. ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण याच कुळातली. भवसागर तरून जाण्याची भाषा तर संतांनी घरोघर पोचवलेली. गहाणाचा अर्थही यापासून लांब नाही. मराठीत पैसे ‘बुडतात’, कर्ज ‘बुडवलं’ जातं. तेव्हा धनकोला बुडू न देणारी वस्तू तारण ठरली तर त्यात नवल काय?

बायबलचा दुसरा भाग, म्हणजे नवा करार, मुळात ग्रीक भाषेत आहे. तिथला शब्द ‘सोतेरिया’ आणि क्रियापद ‘सोझो’: वाचवणं, संकटातून काढणं, आजाऱ्याला बरं करणं. गालीलच्या समुद्रात येशूचा शिष्य पेत्र बुडू लागतो आणि ‘प्रभू, वाचवा’ म्हणून ओरडतो, तिथे हेच क्रियापद आहे. नव्या करारातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 27व्या अध्यायात प्रेषित पौलाचं जहाज वादळात सापडतं. जहाजावर 276 माणसं, कित्येक दिवस सूर्य नाही की तारे नाहीत. वाचण्याची आशाच उरली नाही असं लिहिताना लेखक हाच धातू वापरतो. शेवटी जहाज फुटतं, पण माणसं पोहत, फळ्यांवर तरंगत मेलिता बेटाला लागतात. म्हणजे आजच्या माल्टाला. पापातून सुटकेसाठीही शब्द तोच. मराठी भाषांतरात ‘तारण’ आलं ते म्हणूनच मला अगदी नेमकं वाटतं. किनाऱ्यावरच्या माणसाला तर ते समजावून सांगावंही लागू नये.

आता मोक्ष. मोक्षात सुटका कशातून? जन्ममरणाच्या फेऱ्यातून. पुन्हा देह धरावा न लागणं हे तिथलं साध्य. ख्रिस्ती शिकवणीत हा फेराच नाही. माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो, मग न्याय होतो, आणि शेवटी देहासह पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्याचं पुन्हा उठणं. सुटका हवी असते ती पापातून आणि देवापासून तुटलेपणातून. देहातून सुटायचं नसतं. ‘मुक्ती’ हा शब्द मात्र दोन्हीकडे चालतो, कारण कशातून मुक्ती ते तो उघडं ठेवतो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आपल्या कार्याला मुक्ती हेच नाव दिलं.

सावंतवाडी, मालवणकडच्या कोंकणीत प्रार्थना करणाऱ्या कॅथलिक घरांत आणखी एक शब्द आहे, सोडवणदार. म्हणजे तारणारा. सोडवण म्हणजे तारण. आपण गहाण काय करतो? सोडवतो! मराठी बायबलातही येशू आपला जीव पुष्कळांसाठी ‘खंडणी’ म्हणून देतो. आज खंडणी म्हटलं की गुंडच आठवतात, पण तिथे अर्थ आहे बंदिवानाला सोडवण्यासाठी भरलेलं मोल. तेव्हा तुमच्या मनात आलेलं गहाण अगदीच परकं नव्हतं. फक्त इथे तारण ‘ठेवत’ नाहीत, तारण ‘होतं’, माणूस तारण ‘पावतो’. क्रियापद पाहिलंत की अर्थाचा घोटाळा राहत नाही.

नव्या जन्माबद्दलची तुमची शंका तर बायबलातच आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा जाणता परूशी, म्हणजे धर्मशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. नव्याने जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसत नाही, असं ऐकल्यावर तो विचारतो, म्हातारा माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा शिरेल? उत्तर मिळतं: पाणी आणि आत्मा यांपासून जन्म. मूळ ग्रीक शब्द ‘आनोथेन’. त्याचा अर्थ ‘पुन्हा’ असा होतो आणि ‘वरून’ असाही. निकदेमाने पहिला धरला, येशूच्या बोलण्यात दुसराही आहे. पुढे वाऱ्याचा दाखला येतो, आणि ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा यांना एकच शब्द आहे, ‘प्नेउमा’. ही खुबी मराठीत उतरत नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

हा जन्म याच आयुष्यात, याच देहात होतो. त्याला आपल्याकडचा जवळचा शब्द शोधायचाच तर पुनर्जन्मापेक्षा ‘द्विज’ जवळचा, कारण मुंजीनंतरचा दुसरा जन्मही मेल्यावर होत नाही. पण तिथे तो संस्काराने आणि वर्णाच्या चौकटीत येतो. इथे तो कुणालाही खुला आहे. तो नेमका केव्हा होतो यावर ख्रिस्ती पंथांत एकमत नाही. कॅथलिक परंपरेत बाप्तिस्मा हाच नवा जन्म, मग तो तान्ह्या बाळाचा का असेना. काही प्रोटेस्टंट मंडळींत पश्चात्ताप करून स्वतः विश्वास ठेवला तो क्षण मोजतात, आणि ‘तुमचं तारण झालंय का?’ असं थेट विचारतात. मोक्षाच्या वाटेवर पुन्हा जन्म नको असतो. इथे जन्माशिवाय वाट सुरूच होत नाही. मोक्ष हा शब्द इथे का चालणार नाही, त्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

नरकाचं पत्रिकेत काही नसेल, तरी तिथेही हीच अडचण आहे. पुराणांतले नरक अनेक. पापाचं फळ भोगून झालं की जीव तिथून सुटतो आणि पुन्हा जन्म घेतो. ख्रिस्ती परंपरेतला नरक बहुतेक पंथांच्या शिकवणीत कायमचा. मराठी बायबलात ‘गेहेन्ना’ला नरक म्हटलंय, मूळ नाव यरुशलेमजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्याचं. मृतांच्या वस्तीसाठी ‘अधोलोक’ हा वेगळा शब्द आहे. या दोघांची अदलाबदल करू नका. कॅथलिकांचं शुद्धिस्थान हे यांपैकी काहीच नव्हे. तिथले आत्मे तारलेलेच असतात, स्वर्गाआधी शुद्ध होत असतात. 2 नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावून प्रार्थना होते ती त्यांच्यासाठी. कोंकणीत नरकाला ‘यमकोंड’ म्हणतात. यम तिकडेही पोचलाच.

म्हणून असे उसने शब्द वर्ज्यच, असं मात्र मी म्हणणार नाही. इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्सनी 1616 साली गोव्यातल्या रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्यात स्वर्गाला बेधडक वैकुंठ म्हटलं. पण आजच्या पत्रिकेत ‘तारण’ आणि ‘नवा जन्म’ जसेच्या तसे राहू द्या, ‘पुनरुत्थान’च्या जागी ‘पुनर्जन्म’ येऊ देऊ नका, आणि दिवंगतांच्या नावामागे सवयीने ‘कै.’ पडलं असेल तर घरच्यांना विचारून ‘ख्रिस्तवासी’ करा.