गाडीसाठी कॉपर, प्लॅटिनम की इरिडियम स्पार्क प्लग घ्यावा?

आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. कंपनीने इरिडियम सांगितला असेल तर तोच बसवा, पैसे वाचवायला कॉपरवर उतरू नका.

‘कॉपर’ प्लगमध्ये तांबं फक्त आतल्या गाभ्यात असतं, उष्णता बाहेर काढायला. ठिणगी पडते ती निकेलच्या मिश्रधातूवर, आणि तो लवकर झिजतो. जुना प्लग काढून बघा, मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा गोलसर झालेल्या दिसतील. मग गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर, वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि कॉइलवर, म्हणजे ते व्होल्टेज तयार करणाऱ्या भागावर, ताण येतो. निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ला, इरिडियम तब्बल २४४६ अंश सेल्सिअसला. म्हणूनच इरिडियमचं टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतकं बारीक ठेवता येतं आणि ठिणगी कमी व्होल्टेजवर पडते. कॉपर साधारण ३०-४० हजार किलोमीटर चालतो, इरिडियम बऱ्याचदा लाखाच्या आसपास.

पण महागडा प्लग टाकून ताकद वाढेल ही आशा सोडा, निरोगी इंजिनात फरक जाणवतही नाही. त्यापेक्षा हीट रेंज, म्हणजे प्लग उष्णता किती वेगाने बाहेर टाकतो ते माप, जुळवा, ती चुकली तर धातू कुठलाही असो, इंजिनाचं नुकसान होऊ शकतं. आणि इरिडियमचा गॅप कृपया ठोकून किंवा टोकावर जोर देऊन बदलू नका, ते टोक ठिसूळ असतं, पटकन तुटतं.