डर्बी डेसाठी २,६३० डॉलरचे कपडे घ्यावेत का?

वाचकाचा प्रश्न: मी ३४ वर्षांचा आहे. मेलबर्नला टार्नीटमध्ये राहतो, आयटीत नोकरी आहे. दर महिन्याच्या १५ तारखेला ७,२०० डॉलर हातात येतात. घराचं कर्ज चालू आहे, ऑफसेट खात्यात (गृहकर्जाला जोडलेलं खातं, त्यातल्या रकमेइतक्या कर्जावर व्याज लागत नाही) १४,००० डॉलर आहेत, मुलगी चाइल्डकेअरमध्ये जाते. डिसेंबरमध्ये कर्ज दुसऱ्या बँकेकडे न्यायचा विचार आहे. एका क्लायंटने डर्बी डेला, म्हणजे घोड्यांच्या शर्यतींच्या मोठ्या दिवशी, फ्लेमिंग्टन रेसकोर्सच्या मेंबर्स (सभासदांच्या) विभागात बोलावलं आहे. मापाने शिवलेला काळा सूट १,८५० डॉलर, बूट ३८०, हॅट १६० आणि शर्ट, टाय, रुमाल मिळून २४०, असे २,६३० डॉलर होतात. दुकान चार बिनव्याजी हप्ते देतंय. भाड्याचा सूट २२० डॉलरला मिळतो. लग्नाच्या रिसेप्शनसाठी २०१९ साली पुण्यात शिवलेला नेव्ही सूट घरी आहे, पण पँट कमरेला दीड इंच घट्ट होते. बंदगळाही आहे. काय करावं?

उत्तर:

नमस्कार. नवा सूट घेऊ नका. पुण्याचा नेव्ही सूट दुरुस्त करून घ्या, काळे बूट आणि पांढरा शर्ट नवे घ्या, आणि सगळा खर्च ६०० डॉलरमध्ये बसवा. हप्त्यांना मात्र हातच लावू नका. तुमच्या पत्रात मला कपड्यांपेक्षा त्यांचीच जास्त काळजी वाटली.

२,६३० चे चार हप्ते म्हणजे प्रत्येकी ६५७.५० डॉलर. अशा सेवांमध्ये बहुधा पहिला हप्ता खरेदीच्या दिवशी जातो आणि उरलेले तीन दर दोन आठवड्यांनी. तुम्ही २० सप्टेंबरला खरेदी केलीत तर ते ४ ऑक्टोबर, १८ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबरला कापले जातील. या सहा आठवड्यांत तुमचा पगार एकदाच होतो, १५ ऑक्टोबरला. घराचा हप्ता आणि चाइल्डकेअर भागवून त्याच एका पगारातून आणखी १,९७२.५० डॉलर काढावे लागतील. खात्यात पैसे नसताना हप्ता आला की विलंब शुल्क लागतं, आणि खातं उणे गेलं तर बँकेचं वेगळं. हप्ता ‘बिनव्याजी’ राहतो तो वेळेवर भरला तरच.

दुसरा धोका डिसेंबरचा. १० जून २०२५ पासून ऑस्ट्रेलियात या हप्ता-सेवांना कर्जाचा कायदा लागू झाला आहे. त्यांना परवाना लागतो आणि ग्राहकाची परतफेडीची ऐपत तपासावी लागते. तुमचं गृहकर्ज घेणारी नवी बँक साधारण मागच्या तीन महिन्यांची स्टेटमेंट्स मागते. त्यात सप्टेंबर ते नोव्हेंबरचे हे हप्ते ठळक दिसतील. ‘मग क्रेडिट कार्ड घेतो’ असं मनात आलं असेल तर तेही आत्ता नको. कार्डावर खर्च किती झाला यापेक्षा मर्यादा किती आहे हे बँका पाहतात आणि मर्यादेच्या सुमारे तीन ते चार टक्के रक्कम दरमहा फेडावी लागते असं धरून चालतात. १०,००० डॉलरच्या कार्डाने तुमची हप्ते फेडण्याची क्षमता बँकेच्या हिशेबात दरमहा ३०० ते ४०० डॉलरने आखडते, कार्ड पाकिटातून बाहेर निघालं नाही तरी.

करसवलतीचाही आधार धरू नका. क्लायंटकडे कामासाठी जात असलात तरी साधा सूट हा ऑस्ट्रेलियाच्या कर खात्याच्या लेखी नेहमीचा पोशाख आहे. नोकरीत तो सक्तीचा असला तरी त्याची वजावट मिळत नाही, ड्रायक्लीनिंगचीही नाही.

आता काळा सूट लागतोच का? नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कप ही घोड्यांची शर्यत असते. तिच्या आधीचा शनिवार म्हणजे डर्बी डे, २९ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबरच्या दरम्यान कधीही. त्या दिवशी काळं-पांढरं घालायची आणि कोटाला कॉर्नफ्लॉवरचं निळं फूल लावायची परंपरा आहे. पण ती परंपरा आहे, दारावर अडवणारा नियम नाही. मेंबर्स विभागाच्या नियमाचा गाभा कोट, टाय आणि फॉर्मल बूट हा आहे. जीन्स आणि स्नीकर्स चालत नाहीत. नेव्ही कोट, पांढराशुभ्र शर्ट, काळा टाय आणि काळे बूट हा जोड डर्बी डेच्या गर्दीत सहज मिसळतो. नेव्हीवर तपकिरी बूट एरवी छान दिसतात, त्या दिवशी मात्र ते वेगळे पडतील. म्हणून बुटांवर खर्च करायला माझी हरकत नाही.

काळ्या सूटचा हिशेब साधा आहे. ऑफिसात तो औपचारिक वाटतो, आपल्या लग्नकार्यात काळा रंग घरच्यांना रुचत नाही. पुढच्या तीन वर्षांत तो तीनदा घातला गेला तरी एका वेळेचे ६१७ डॉलर पडले.

नेव्ही सूट दुरुस्तीला द्यायच्या आधी घरीच तपासा. कोट घालून खांद्याने हलकेच भिंतीला टेका. दंडाच्या आधी कोटाच्या खांद्यातलं नुसतं पॅड भिंतीला लागून चेपलं, तर खांदा मोठा आहे. खांदे बदलणं म्हणजे कोट जवळपास नव्याने जोडणं, त्यात पैसे घालू नयेत. वरचं बटण लावल्यावर पोटावर इंग्रजी एक्ससारख्या सुरकुत्या पडत असतील तर बाजूच्या शिवणी सैल कराव्या लागतील. पँट उलटी करून मागची मधली शिवण बघा. आपल्याकडचे शिंपी तिथे सढळ माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, ठेवतात. मायेचं कापड दोन्ही बाजूंना मिळून दोन इंच असेल तर दीड इंच कंबर आरामात सुटते. पण जुन्या शिवणीची रेघ उमटलेली दिसेल का, हे टेलरला उसवण्याआधी विचारा. सहा वर्षं इस्त्री खाल्लेल्या कापडावर ती कधीकधी जात नाही. पाठीमागे असल्याने कोट ती झाकतो, एवढं समाधान. बाह्या मनगटाकडून कमी करता येतात, मात्र तिथली काजं खरी उघडणारी असतील तर काम अवघड आणि महाग होतं. शर्टाचा कफ कोटाबाहेर अर्धा इंच दिसला पाहिजे.

पँटच्या लांबीचं माप नवे बूट पायात घालूनच द्या. जुन्या चपलांवर दिलेलं माप हमखास चुकतं आणि घोट्यावर कापडाची चुणी साचते.

खर्च असा धरा: कंबर, बाजू आणि बाह्यांची दुरुस्ती १५०, ड्रायक्लीनिंग ३०, सुती पांढरा शर्ट ८०, काळा टाय ५०, पांढरा सुती खिशातला रुमाल १५, काळा पट्टा ५०, काळे बूट २००, फूल आणि प्लास्टिकचा पातळ रेनकोट २५. बेरीज ६००. ही रक्कम ऑफसेटमधून रोख द्या. उरलेले २,०३० डॉलर तिथेच राहतात आणि कर्जाचा दर ६ टक्के धरला तर वर्षाला सुमारे १२२ डॉलर व्याज वाचवतात.

बुटांचा तळ रबरी घ्या. चामड्याचा तळ ओल्या गवतावर घसरतो, आणि मेलबर्नचा वसंत एका दुपारीही ऊन, वारा, पाऊस सगळं दाखवतो. १९७६ चा मेलबर्न कप धो धो पावसात धावला गेला होता. पावसाचं आणखी एक कारण स्वस्त सूट टाळायला सांगतं. ज्या कोटाचं आतलं कापड गोंदाने चिकटवलेलं असतं, तो भिजला आणि त्यावर गरम इस्त्री फिरली की छातीवर फुगे येतात, आणि ते पुन्हा बसत नाहीत. कोट भिजलाच तर रुंद हँगरवर सावलीत वाळवा, हेअर ड्रायर लावू नका. ऊन निघालं तर मान भाजते. सनस्क्रीन लावा, पण ते पूर्ण जिरल्यावरच शर्ट चढवा, नाहीतर कॉलर पिवळी पडते.

हॅट पुरुषांना आवश्यक नाही. घ्यायचीच असेल तर वसंतात गवती विणीची घ्या, फेल्टची नको. पण १६० डॉलर त्यासाठी मी देणार नाही. बंदगळा देखणा दिसेल, पण टायचा नियम असलेल्या ठिकाणी दारावर वाद नको. यजमानांकडून ईमेलवर होकार आला तरच घाला.

खांदे जमले नाहीत तर २२० डॉलरचा भाड्याचा सूट घ्या. तेव्हा दुरुस्तीचे १५० आणि ड्रायक्लीनिंगचे ३० वाचतात, म्हणजे एकूण ६४० होतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ताबा घेऊ नका, तीन दिवस आधी घ्या, म्हणजे माप चुकलं तर बदलून मिळेल. डाग आणि उशिरा परत करण्याची अट सही करण्याआधी वाचा. रेड वाइनचा एक ग्लास अनामत रक्कम खाऊन टाकतो.

नवा सूट घेण्यात मला अर्थ दिसतो तो एकाच परिस्थितीत: वर्षातून सात-आठ वेळा क्लायंटसमोर सूट घालून जावं लागणार असेल तर. तेव्हाही काळा नको, गडद राखाडी तयार सूट घ्या. शंभर टक्के लोकर, अर्धं अस्तर, दुरुस्तीसकट ९०० डॉलरच्या आत, आणि कर्ज नव्या बँकेत गेल्यानंतर. नव्या कोटाच्या मागच्या फटीवरचा फुलीचा टाका आणि बाहीवरचं लेबल काढायचं असतं. अनेकजण ते तसंच ठेवून मिरवतात.

रेसवर पैसे लावणार असाल तर ५० डॉलर रोख खिशात ठेवा आणि ते संपले की थांबा. बेटिंग ॲपवर खातं उघडू नका. त्याचे व्यवहारही त्याच तीन महिन्यांच्या स्टेटमेंटवर बँकेला दिसतात.

ऑक्टोबरमध्ये मेलबर्नचे टेलर रेस आणि लग्नांच्या कामात बुडालेले असतात. बूट या आठवड्यात घ्या आणि सूट सप्टेंबर संपायच्या आत दुरुस्तीला द्या. दुसऱ्या फिटिंगला किमान दहा दिवस हाताशी राहतील अशी तारीख टेलरकडून लिहून घ्या.