मागून हॉर्न वाजला की हँडल लटपटतं

प्रश्न : माझं वय 48, राहायला कोथरूडला. कॉलेजला सायकलनेच जायचे, नंतर 25 वर्षं सायकलला हात लावला नाही. मुलाची गिअरची सायकल घरी पडून आहे. मागच्या महिन्यात ती कर्वे रस्त्यावर काढली. मागून बस हॉर्न देत आली, हँडल लटपटलं आणि मी उतरून चालत घरी आले. ऑफिस एरंडवण्यात, जेमतेम 4 किलोमीटरवर. नवरा म्हणतो, नाद सोड. सोडू का?

उत्तर : सोडू नका. पण कर्वे रस्ताही इतक्यात नको.

आधी सायकल बघू. पडून राहिलेल्या सायकलचं रबर वाळतं. टायरच्या कडेला बारीक चिरा असतील तर टायर बदला. ब्रेक शू दगडासारखे कडक झाले असतील तर तेही बदला, कडक शू रिमवर नुसते घसरतात. हवा किती भरायची हे टायरच्या कडेवरच छापलेलं असतं. सीट मुलाच्या उंचीची असणार. ती इतकी खाली घ्या की बसल्या बसल्या दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील. चढावर गुडघ्यांवर जोर येईल, पण सध्या थांबताना पाय टेकणं महत्त्वाचं. भीड चेपली की हळूहळू वर घ्या.

आता हँडल. तुम्ही घाबरट आहात म्हणून ते लटपटलं नाही. मागे वळून बघताना खांदा फिरतो, ताठ हात मूठ ओढतो आणि सायकल उजवीकडे, नेमकी गाड्यांच्या अंगावर जाते. कोपर सैल ठेवा, हनुवटी खांद्याकडे न्या, कमरेतून वळू नका. रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात खडूने 20 मीटरची सरळ रेघ मारा. रेघेवरून चालवत मागे बघायचं आणि मागे उभ्या माणसाने किती बोटं दाखवली ते सांगायचं. उभं करायला नवराच बरा. रेघ सुटेनाशी झाली की तेच उजवा हात सोडून करा. हाताने इशारा देणं त्यातूनच येतं. हे जमेपर्यंत मोठा रस्ता नाही, मग दोन आठवडे लागोत नाहीतर दोन महिने.

रस्त्यावर आल्यावर सगळे नवखे एक चूक करतात, अगदी कडेला चिकटून चालवतात. तिथे वाळू, खचलेली चेंबरची झाकणं. शिवाय कडेला गेलात की मागच्याला वाटतं, जागा आहे, घुसू. कडेपासून अडीच-तीन फूट आत, सरळ रेषेत चला. उभ्या गाड्यांपासून निदान 3 फूट, कारण दार कधी उघडेल सांगता येत नाही. थांब्यावरच्या बसच्या डावीकडून कधीही जायचं नाही. तिकडून माणसं उतरतात आणि ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही.

नळ स्टॉपला उड्डाणपुलावर चढू नका, खालून या आणि चौक सायकल हातात धरून झेब्रावरून पार करा. उजवी वळणंही सध्या अशीच. यात कमीपणा नाही. पुढे प्रभात रस्त्याच्या गल्ल्या बऱ्याच शांत आहेत. पहिल्या फेऱ्या रविवारी मारा, म्हणजे खड्डे आणि गतिरोधक ओळखीचे होतील.

हेल्मेट घालाच. आणि ओढणी मागे गाठ मारून बांधा, मुलाच्या सायकलला चेनकव्हर बहुधा नसणार.